टर्बो इंजिन आणि ई८५ : टायमिंग किती पुढे न्यायचं आणि कुठे थांबायचं?

मक्याच्या_रानातून

नमस्कार मंडळी,

गाड्यांच्या धाग्यांवर हल्ली "ई८५ टाकल्यावर टायमिंग किती डिग्री वाढवू?" असं वारंवार विचारलं जातं. (ई८५ म्हणजे साधारण ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल; टायमिंग म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या किती डिग्री आधी ठिणगी पडते ते.) कोणी पाच सांगतं, कोणी आठ. आकडा मिळाला की माणूस लॅपटॉप उघडतो आणि इंजिनाच्या संगणकातल्या (ईसीयू) टायमिंगच्या अख्ख्या टेबलात तो आकडा मिळवून मोकळा होतो. इंजिनं जातात ती इथेच, म्हणून हा वेगळा धागा.

मी मिनेसोटात राहतो. इथे मका अफाट पिकतो आणि त्यापासून इथेनॉल करतात, त्यामुळे ई८५ चे पंपही अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांपेक्षा जास्त. माझी गाडी सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय. इंजिन ईजे२५७, म्हणजे २.५ लिटर, समोरासमोर आडवे चार सिलिंडर, कॉम्प्रेशन ८.२:१. टर्बो कारखान्याचाच, व्हीएफ४८. इंजेक्टर आणि टाकीतला पंप मोठे बसवलेत, इंधनाच्या लाइनमध्ये इथेनॉल सेन्सर आहे. गाडी फक्त ट्रॅकसाठी ठेवली आहे.

इथेनॉल बूस्टला (टर्बोने दाबून भरलेल्या हवेला) का मानवतं ते आधी पाहू. एक तर त्याचा रॉन ऑक्टेन (दाबाखाली आपोआप न पेटण्याचं माप) १०८ च्या आसपास आहे. दुसरं, ते वाफ होताना पेट्रोलच्या साधारण अडीचपट उष्णता शोषतं (एका किलोमागे). त्यात पुन्हा तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं: पेट्रोलचं गुणोत्तर १४.७:१, शुद्ध इथेनॉलचं ९:१. दोन्ही गोष्टी गुणल्या तर सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेला मिळणारा गारवा जवळपास चौपट होतो. नॉक कशाने होतो? ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचायच्या आत, कोपऱ्यात दाबलं गेलेलं मिश्रण स्वतःच पेटतं. ते मिश्रणच थंड असेल आणि इंधन सहजी पेटणारं नसेल, तर नॉक लांब पळतो.

आता मुख्य मुद्दा. बूस्टमध्ये पेट्रोलवर टायमिंग ठरवतो तो नॉक. इंजिनाला खरं तर आणखी पुढे ठिणगी हवी असते, पण तिथवर जायच्या आधीच नॉक आडवा येतो, म्हणून मॅप (टायमिंगचं टेबल) मागे ओढलेला असतो. प्रत्येक आरपीएम आणि लोडला एक टायमिंग असं असतं की जिथे सर्वांत जास्त टॉर्क मिळतो. ट्यूनर त्याला एमबीटी म्हणतात. या जागी सिलिंडरमधला सर्वोच्च दाब पिस्टन वरच्या टोकावरून खाली निघाल्यावर साधारण १४ ते १६ डिग्रीला येतो. पेट्रोलवर बूस्टमध्ये आपण एमबीटीला सहसा पोचतच नाही.

ई८५ वर मात्र नॉकची हद्द एमबीटीच्या पलीकडे जाते. म्हणजे तुम्ही टायमिंग वाढवत एमबीटी ओलांडून निघून जाल आणि इंजिन चकार शब्द काढणार नाही. नॉक सेन्सर गप्प, लॉग (ईसीयूने केलेली नोंद) स्वच्छ. टॉर्क वाढणं थांबलेलं असतं, पण सिलिंडरमधला दाब वाढतच असतो. तो दाब कनेक्टिंग रॉड, हेड गॅस्केट आणि पिस्टनच्या रिंगलँडवर (रिंगांच्या खाचांमधल्या कडांवर) पडतो, आणि ईजे२५७ चे रिंगलँड तसेही नाजूक म्हणून ओळखले जातात.

म्हणून मी टायमिंग असं लावतो. लोड (इंजिनावरचा भार) धरून ठेवणारा डायनो, म्हणजे ताकद मोजणारं यंत्र, घ्यायचा. आरपीएम आणि बूस्ट स्थिर ठेवायचे. पेट्रोलच्या सुरक्षित टायमिंगपासून सुरुवात करून एकेक डिग्री पुढे जायचं आणि दर वेळी टॉर्क लिहायचा. समजा ४००० आरपीएमला १२ डिग्रीपासून निघालात. १२ ते १४ मध्ये टॉर्क चांगला चढेल. १४ ते १६ मध्ये थोडासा. १६ ते १८ मध्ये सुई जागची हलणार नाही. मग १८ विसरा, १६ ही विसरा, १५ ला थांबा. शेवटच्या दोन डिग्रीत टॉर्क नगण्य मिळतो आणि दाब भरपूर वाढतो. आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्येक इंजिनाचे वेगळे निघतील. वक्राचा आकार मात्र हाच निघतो.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी जरूर लिहा.

पोलोवाला_पुणे

जबरदस्त धागा, धन्यवाद. माझ्याकडे पोलो जीटी टीएसआय आहे, १.२ लिटरची जुनी. पुण्यात आता सगळ्या पंपांवर ई२० च मिळतं. हेच तर्कशास्त्र लावलं तर ई२० वर आपल्यालाही दोन-तीन डिग्री मिळायला हव्यात ना? की ईसीयू आपोआप घेतो?

घाटरस्ता

भाऊ, छान लिहिलंत. माझं साताऱ्याला गॅरेज होतं, आता मुलगा बघतो. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरच्या काळात आम्ही टायमिंग कसं लावायचो ते सांगतो, कारण त्याचा तुमच्या मुद्द्याशी थेट संबंध आहे.

टायमिंग लाइट गॅरेजमध्ये असायची, पण विश्वास कानावर. पॉइंट सेट करायचे, डिस्ट्रिब्युटरचा (ठिणगी कधी पडायची ते ठरवणाऱ्या भागाचा) बोल्ट हाताने फिरेल इतपत ढिला ठेवायचा आणि गाडी खंबाटकीला न्यायची. चढाला टॉप गिअरमध्ये दाबली की इंजिन खडखडायला हवं, म्हणजेच तुमचा नॉक. खडखडलं नाही तर टायमिंग मागे आहे, उतरून डिस्ट्रिब्युटर जरा फिरवा. खडखड आली की केसभर उलटा फिरवायचा आणि बोल्ट आवळायचा. त्या पेट्रोलला आणि त्या इंजिनाला ही पद्धत अगदी बरोबर होती. शेकडो गाड्या अशा लावल्या असतील.

तुमचं वाचून लक्षात आलं की या पद्धतीचा सगळा भार खडखडीवर आहे. खडखड येतच नसेल तर मेस्त्री डिस्ट्रिब्युटर फिरवतच राहील. मुलाला तुमचा लेख वाचून दाखवला. त्याच्याकडे टर्बो गाड्या येतात आणि पोरं रिमॅपचं विचारत असतात.

मक्याच्या_रानातून

काका, तुम्ही सांगितलेली पद्धत आज संगणकातही तशीच चालते, फक्त कानाच्या जागी नॉक सेन्सर आहे. सुबारूच्या ईसीयूमध्ये मूळ टायमिंगवर एक जादा टायमिंगचं टेबल असतं. त्याला ० ते १ मधल्या एका आकड्याने गुणतात, त्याचं नाव डायनॅमिक अ‍ॅडव्हान्स मल्टिप्लायर. इंधन चांगलं वाटलं की आकडा १ वर जातो, नॉक ऐकू आला की खाली येतो. ई८५ वर तो कायम १ वरच बसून राहतो, आणि लोक तेवढ्यावरून समजतात की मॅप बिनधोक आहे. तो आकडा फक्त 'नॉक ऐकला नाही' एवढंच सांगतो.

@पोलोवाला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शलाकाताई जास्त नेमकं देतील. त्या हेच काम करतात.

शलाका_चाकण

धन्यवाद. मी इंजिन टेस्टबेडवर कॅलिब्रेशन करते. कंपनीचं काही सांगता येणार नाही, सर्वसाधारण बोलते.

आधी ई२० बद्दल. आपल्याकडे बीएस-६ च्या साध्या पेट्रोलला किमान रॉन ९१ होता, ई२० ला ९५ आहे. तुमची गाडी ९१ वर बूस्टमध्ये नॉकमुळे टायमिंग मागे घेत असेल, तर ९५ वर ते मागे घेणं कमी होईल. ईसीयू ते स्वतःच करतो. पण तो मूळ मॅपच्या पुढे जात नाही. कारखान्याने जी छत टाकून ठेवली आहे तिथपर्यंतच. त्यामुळे उन्हाळ्यात, चढावर, एसी लावून ई२० वर गाडी किंचित मोकळी वाटू शकते. सपाट रस्त्यावर काही फरक कळणार नाही. मायलेज मात्र थोडं कमी होईल, कारण इथेनॉलमध्ये एका लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलच्या दोन-तृतीयांश आहे. आणि तुमची गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची आहे. त्यानंतरच्या गाड्यांत ई२० ला टिकणारं रबर आणि प्लास्टिक घालतात. टायमिंगचा विचार नंतर, आधी इंधनाचे होज आणि सील तपासून घ्या.

आता मूळ लेखात एक भर घालते. "अख्ख्या टेबलाला पाच डिग्री मिळवली" ही गोष्ट जास्त बूस्टपेक्षाही कमी लोडला अधिक चुकीची आहे. हायवेवर ऐंशीने निवांत चाललेली गाडी घ्या. तिथे बूस्ट नाही, नॉक नाही. पेट्रोलचा मॅप तिथे आधीच एमबीटीवर असतो. इथेनॉलची ज्योत पेट्रोलपेक्षा किंचित वेगाने पसरते. म्हणजे त्या भागात इथेनॉलला लागणारं टायमिंग पेट्रोलइतकंच, कधी एखादी डिग्री कमीच. तिथे पाच डिग्री मिळवलीत तर टॉर्क घटतो. पिस्टन अजून वर येतोय आणि दाब त्याला खाली लोटतोय, असं होतं. झोका आपल्याकडे येत असतानाच पुढे ढकलावा तसं. इंधन जळतं आणि त्याची ताकद इंजिनाला उलटं दाबण्यात जाते.

टेस्टबेडवर आम्ही सिलिंडरमध्ये प्रेशर सेन्सर बसवतो आणि निम्मं इंधन जळून संपलं ती जागा पाहतो. ती वरच्या टोकानंतर ८ ते १० डिग्रीला आली की टायमिंग बरोबर आहे. इंधन कुठलंही असो, ही जागा फारशी हलत नाही. बूस्टमध्ये पेट्रोलवर ती २० च्याही पलीकडे ढकलावी लागते, नाहीतर नॉक. म्हणून एक्झॉस्ट तापतो, कारण जाळ टर्बाइनपर्यंत पोचतो. ई८५ वर तीच जागा पुन्हा मूळ ठिकाणी आणता येते. ताकद मिळते ती यातून. शिवाय एक्झॉस्ट थंड होतो, त्यामुळे टर्बाइनला जीवदान मिळतं.

तेव्हा टेबलाचे दोन भाग करा. व्हॅक्यूमपासून बूस्ट सुरू होईपर्यंतचा भाग पेट्रोलचाच ठेवा. बूस्टच्या भागात जिथे पेट्रोलने मागे खेचलं होतं तेवढंच परत द्या. जिथे जास्त खेचलं होतं तिथे, म्हणजे साधारणपणे टॉर्कच्या शिखराशी, जास्त मिळेल. वरच्या आरपीएमला कमी.

कुरितिबाहून

मी कामानिमित्त ब्राझीलमध्ये आहे, इथे हा विषय रोजच्या जगण्यातला आहे. १९७५ साली प्रोआल्कूल हा इंधन म्हणून अल्कोहोल वापरण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, १९७९ ला फियाट १४७ फक्त अल्कोहोलवर चालणारी आली, २००३ ला फोक्सवॅगन गोल दोन्हीवर चालणारी. पंपावर इथेनॉल वेगळं मिळतं, त्यात पाच-सात टक्के पाणी असतं, आणि ते मुद्दामच ठेवतात.

शलाकाताईंच्या मुद्द्याला इथल्या शोरूममधलं उदाहरण देतो. फोक्सवॅगनच्या १.० टीएसआय तीन सिलिंडर टर्बोची ताकद इथे पेट्रोलवर ११६ आणि इथेनॉलवर १२८ अश्वशक्ती दिलेली आहे. इंजिन तेच, टर्बो तोच. सर्वोच्च टॉर्क दोन्हीवर सारखाच, २०.४ किलोग्रॅम-मीटर. म्हणजे कारखान्याने टॉर्कची मर्यादा हलू दिली नाही, इथेनॉलचा फायदा वरच्या आरपीएमला घेतला. गिअरबॉक्स आणि रॉड सांभाळायचे तर हे शहाणपणाचं आहे.

जुना_साब

अनुमोदन. यात साबचा उल्लेख व्हायलाच हवा. स्वीडनमध्ये २००५ ला साब ९-५ बायोपॉवर आली. २.० लिटर टर्बो, पेट्रोलवर १५० अश्वशक्ती आणि २४० न्यूटन-मीटर, ई८५ वर १८० आणि २८०. म्हणजे तिथे टॉर्कही वाढू दिला होता. इंजिन मजबूत होतं आणि त्यांचा ट्रायॉनिक संगणक नॉक ऐकत नव्हता, बघत होता. ठिणगी पडून गेल्यावर त्याच प्लगच्या फटीतून बारीक करंट सोडून ज्वलन कसं झालं ते तो मोजायचा. प्रत्येक सिलिंडर स्वतंत्र. माझ्याकडे यॉर्कशायरमध्ये अजून एक आहे, पेट्रोलवरच चालते, कारण इथे आता ई८५ मिळत नाही.

पोलोवाला_पुणे

खूप नवीन कळलं. शलाकाताई, होज बघून घेतो. आणखी एक शंका: मार्च २०२४ पासून काही पंपांवर ई१०० मिळायला लागलं, महाराष्ट्रातही आहे. टाकीत थोडं ई१०० मिसळून ई४० वगैरे केलं तर? टर्बोला सोसेल असं वाटतं.

शलाका_चाकण

नको. टर्बोला सोसेल, ईसीयूला नाही. तुमच्या गाडीला टाकीत काय आहे हे सांगणारा सेन्सर नाही. लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) पाहून ईसीयू इंधन वाढवतो, पण त्या वाढीला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा साधारण पंचवीस टक्क्यांच्या आसपास असते. पूर्ण थ्रॉटलला बऱ्याच गाड्या त्या सुधारणेवरच विसंबून असतात. ई४० ला लागणारं इंधन मिळालं नाही की मिश्रण पातळ, आणि टायमिंग मूळ मॅपचंच. सकाळी गार असताना स्टार्टही नीट होणार नाही. ई१०० फ्लेक्स फ्युएल (पेट्रोल-इथेनॉलच्या कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या) गाड्यांसाठी आहे.

शिवाय इंजिनाच्या इंधनात असा बदल आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी जुळत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ याच्याशी संबंधित आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच बघेल.

तुम्हाला टाकीतलं इथेनॉल तपासायचंच असेल तर घरी होतं. शंभर मिलीची खुणा असलेली काचेची नळी घ्या. आधी १० च्या खुणेपर्यंत पाणी, मग १०० पर्यंत पेट्रोल. झाकण लावून हलवा आणि दहा मिनिटं उभी ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, त्यामुळे खालचा थर वाढतो. दोन थरांमधली रेषा २८ ला आली, तर ९० मिली पेट्रोलमधून १८ मिली इथेनॉल उतरलं, म्हणजे २० टक्के. मोजमाप ढोबळ आहे, पण ई१० की ई२० एवढं नक्की कळतं. गॅलरीत करा, स्वयंपाकघरात नको. आणि ते पाणी-इथेनॉल परत टाकीत ओतू नका.

मक्याच्या_रानातून

इथे पंपावर 'ई८५' लिहिलेलं असलं तरी अमेरिकेच्या मानकाप्रमाणे त्यात ५१ ते ८३ टक्के काहीही असू शकतं. हिवाळ्यात टक्का खाली येतो, कारण शुद्ध इथेनॉल १३ डिग्री सेल्सियसच्या खाली पेट घेण्याइतकी वाफच देत नाही आणि इथे तर जानेवारीत उणे वीस नेहमीचं. म्हणून त्यात पेट्रोल जास्त घालतात. जुलैमध्ये ई८२ वर लावलेला मॅप जानेवारीत ई६० वर चालवला तर? म्हणून सेन्सर हवाच.

सेन्सर साधा आहे. इथेनॉलच्या प्रमाणानुसार फ्रिक्वेन्सी पाठवतो: शून्याला ५० हर्ट्झ, शंभर टक्क्याला १५०. १३५ दिसलं की ८५ टक्के. ईसीयूमध्ये दोन टेबलं असतात, पेट्रोलचं आणि इथेनॉलचं, आणि सेन्सर सांगेल त्याप्रमाणे मधलं काढायचं.

इथे बहुतेक जण एक गोष्ट नजरेआड करतात. इंधन किती द्यायचं ते इथेनॉलच्या टक्क्याबरोबर जवळपास सरळ रेषेत वाढतं. टायमिंग तसं वाढत नाही. पहिल्या तीस-चाळीस टक्क्यांतच नॉकपासून मिळणारं संरक्षण बहुतेक मिळून जातं, त्यापुढे वाढ मंदावते. म्हणून दोन्हीला एकच वक्र वापरू नका. माझ्या गाडीत ई४० ला पोचेपर्यंत टायमिंगची बहुतेक वाढ देऊन झालेली असते आणि ई६० नंतर ते जवळपास सपाट आहे. हिवाळा-उन्हाळ्यात टक्का वर-खाली झाला तरी टायमिंग हलत नाही, फक्त इंधन हलतं. गाडी त्यामुळे खूप शांत वागते.

सेन्सर बंद पडला तर काय, हे आधी ठरवून ठेवा. इंधनासाठी शेवटचा माहीत असलेला टक्का धरायचा, टायमिंग आणि बूस्ट मात्र लगेच पेट्रोलच्या टेबलावर. दोन्ही पेट्रोलवर नेलंत तर मिश्रण पातळ होईल. दोन्ही इथेनॉलवर ठेवलंत आणि टाकीत पेट्रोल असेल तर नॉक.

घाटरस्ता

प्लग कुठले घालता? आमच्याकडे प्लगचा रंग बघून सगळं सांगायचो.

मक्याच्या_रानातून

काका, मूळपेक्षा एक हीट नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारा) प्लग, फट ०.६५ ते ०.७ मिमी. बूस्टमध्ये फट मोठी ठेवली तर ठिणगी विझते, आणि इथेनॉलचं मिश्रण जास्त ओलं असल्याने आणखीच.

रंग ई८५ वर फसवा असतो. पेट्रोलसारखा बदामी येत नाही, पोर्सेलिन पांढरं स्वच्छ राहतं आणि माणूस घाबरतो की मिश्रण पातळ आहे. त्यापेक्षा बाहेरचा जो वाकडा इलेक्ट्रोड असतो, त्यावर उष्णतेची एक रेघ उमटते ती बघा. भिंगातून नीट दिसते. धातूचा रंग जिथे बदलतो ती ही रेघ. टायमिंग पुढे नेलं की ती टोकाकडून बुडाकडे सरकते. वाकाच्या मध्यावर असेल तर ठीक. पार बुडाशी, थ्रेडजवळ गेली असेल तर टायमिंग जास्त झालंय, मग लॉगमध्ये नॉक शून्य असला तरी. प्लग नवा हवा, आणि पूर्ण थ्रॉटलची एक ओढ झाली की तिथेच इंजिन बंद करून काढायचा. सावकाश घरी आलात तर रेघेवर घरापर्यंतचा प्रवास उमटतो. डायनो नसणाऱ्यांसाठी हा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार आहे.

घाटरस्ता

ही रेघ आम्हीही बघायचो, पण प्लगचा हीट नंबर ठरवायला. टायमिंगसाठी वापरतात हे आज कळलं. मुलाला भिंग आणायला सांगतो.

शलाका_चाकण

एक इशारा राहिला. इथेनॉलला नॉकचा धाक नाही, पण तापलेल्या पृष्ठभागावरून पेट घेण्याचा आहे. तापून लाल झालेला प्लग, कार्बनची गाठ, धार राहिलेली पिस्टनची कड, यांवर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटलं तर टायमिंगच्या टेबलाला काही अर्थच उरत नाही. आणि अशा वेळी टायमिंग मागे घेऊन उपयोग नसतो. थ्रॉटल सोडावा लागतो. थंड प्लगचा आग्रह यासाठीच. ऑइलही लवकर बदला. जास्त इंधन आत जातं, गार इंजिनात ते भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं.

न्यूजर्सीकर_जीटीआय

सगळे प्रतिसाद वाचले. माझी गोल्फ जीटीआय आहे, २.० टीएसआय, थेट सिलिंडरमध्ये इंजेक्शन. ट्रॅकवर नेतो. ट्यूनरने ई८५ मिसळून चालेल म्हणून मॅप दिला. टायमिंग कमी वाटतंय म्हणून वाढवून मागणार होतो. कालचा लॉग असा, तिसरा गिअर, पूर्ण थ्रॉटल (लॅम्डा जास्त म्हणजे मिश्रण पातळ; रेल प्रेशर म्हणजे इंजेक्टरना मिळणाऱ्या इंधनाचा दाब):

३५०० आरपीएम : टायमिंग १०, लॅम्डा ०.८१, रेल प्रेशर १९५ बार, नॉक ०
४५०० आरपीएम : टायमिंग १४, लॅम्डा ०.८३, रेल प्रेशर १६० बार, नॉक ०
५५०० आरपीएम : टायमिंग १७, लॅम्डा ०.९०, रेल प्रेशर ११५ बार, नॉक ०

टाकीत निम्मं ई८५, निम्मं साधं पेट्रोल. नॉक कुठेच नाही, मग वाढवायला हरकत नसावी?

मक्याच्या_रानातून

अजिबात वाढवू नका, आणि या मिश्रणावर पूर्ण थ्रॉटलही देऊ नका.

रेल प्रेशरचा रकाना वरून खाली वाचा. १९५ वरून ११५. हाय प्रेशर पंपाची ताकद संपली आहे. इथेनॉलला लागणारं जादा इंधन तो पुरवू शकत नाही, म्हणून लॅम्डा ०.८१ वरून ०.९० वर गेला. पेट्रोलवर एवढं पातळ झालं असतं तर नॉकने आरडाओरडा केला असता आणि ईसीयूने टायमिंग मागे घेतलं असतं. इथे इथेनॉलने ते दाबून ठेवलं. नॉक शून्य दिसतोय म्हणून वाढवा, असं नाही.

शलाका_चाकण

सहमत. थेट इंजेक्शनच्या गाड्यांत इथेनॉलचा गारवा सगळ्यात चांगला मिळतो, कारण वाफ सिलिंडरच्या आतच होते. त्यामुळे कमी टक्क्यातही भरपूर काम होतं. कारखान्याच्या पंपावर ई३० च्या आसपास राहा. नॉकचा बहुतेक फायदा तिथेच मिळतो, वर मघाशी वक्राबद्दल लिहिलंय तेच.

न्यूजर्सीकर_जीटीआय

बापरे, रेल प्रेशरकडे लक्षच दिलं नव्हतं. धन्यवाद दोघांनाही. ई३० साठी किती लिटर टाकू? टाकी ५० लिटरची आहे.

मक्याच्या_रानातून

तुमच्याकडचं साधं पेट्रोल ई१० असणार. ई८५ च्या पंपावरून थोडं काढून आधी नळीत तपासा. हिशोब असा: हवा असलेला टक्का वजा १०, भागिले ई८५ चा खरा टक्का वजा १०. खरा टक्का ८० निघाला तर २० भागिले ७०, म्हणजे टाकीच्या २८-२९ टक्के, साधारण १४ लिटर ई८५ आणि ३६ लिटर पेट्रोल. टक्का ७० निघाला तर २० भागिले ६०, म्हणजे १७ लिटर. नळीत ई८५ तपासताना पाणी १० ऐवजी ४० पर्यंत घ्या, इंधन ६० मिली, आणि वाढ ६० ने भागा. नाहीतर एवढ्या इथेनॉलला पाणी कमी पडतं आणि थर नीट वेगळे होत नाहीत.

पण सध्याची टाकी रिकामी होत आल्यावरच हे भरा, नाहीतर आत उरलेलं निम्मं-निम्मं मिश्रण हिशोब बिघडवेल. भरल्यावर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवा, म्हणजे लाइनमधलं जुनं इंधन निघून जाईल आणि ईसीयूचे ट्रिम (इंधनाच्या शिकलेल्या दुरुस्त्या) बसतील. मग तीच ओढ, तोच गिअर, तोच रस्ता. टायमिंगला हात न लावता. रेल प्रेशर ५५०० ला टिकून राहिलं आणि लॅम्डा ०.८२ च्या आत राहिला, तर लॉग इथे टाका. टायमिंगचं त्यानंतर बघू.

न्यूजर्सीकर_जीटीआय

शनिवारी भरतो. लॉग इथेच टाकेन.